"नको" म्हणाले ते जागेपायी

"आधी हिच्यावर करून बघा. हिला कळलं म्हणजे कुणालाही कळेल."

मॅडम असं म्हणाल्या तेव्हा मी ओट्यापाशी कुकरचं झाकण घासत होते. हॉलमधून आवाज आला. माझ्याबद्दलच बोलतायत हे लगेच कळलं. "हिच्यावर" म्हणावं असं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

मॅडम गारखेड्याला राहतात. कॉलेजात शिकवतात. आजोबा देवळात पुजारी होते, वडील कचेरीत कारकून, हे त्या स्वतःच सांगायच्या. आणि मग म्हणायच्या, "आम्ही ते सगळं सोडलं गं. आमच्या घरात जात नाही, धर्म नाही, काही नाही." मी मान हलवायचे. मी त्यांच्याकडं फरशी, भांडी आणि संध्याकाळच्या पोळ्या करत होते. बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी त्यांच्याकडं तीन मुली आल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थिनी. त्यांचा एक सर्व्हे होता. लोक देवाधर्माला किती मानतात, दुसऱ्या धर्माच्या माणसांबद्दल त्यांना काय वाटतं, हे वस्त्यांमध्ये जाऊन विचारायचं होतं. प्रश्न तयार होते. ते साध्या माणसाला समजतात का, एवढं आधी बघायचं होतं. त्यासाठी मी.

"हात पूस आणि ये," मॅडम म्हणाल्या.

मी पदराला हात पुसत गेले. हॉलच्या मधोमध खुर्ची ठेवली होती. तिच्यासमोर स्टँडवर फोन लावला होता. मी सवयीनं खाली बसायला लागले. "खाली नको, खुर्चीवर बस. कॅमेऱ्यात येत नाहीस," मॅडम म्हणाल्या. मी खुर्चीकडं वळले तशा म्हणाल्या, "थांब." आत गेल्या. फरशीला घ्यायचा म्हणून बाजूला काढलेला जुना टॉवेल घेऊन आल्या आणि खुर्चीवर अंथरला.

"साडी ओली आहे तुझी."

साडी ओली नव्हती.

मी टॉवेलवर बसले.

प्रश्न विचारणारी मुलगी चष्मेवाली होती. हातात टॅब. बोलायला गोड. "मावशी, घाबरू नका हं. यात बरोबर-चूक असं काही नसतं."

मग तिनं विचारलं, "तुमचा धर्म कोणता?"

"धनगर."

मुलींनी एकमेकींकडं बघितलं. "ती जात झाली मावशी. धर्म कोणता?"

मी काही बोलायच्या आत मॅडम सोफ्यावरून म्हणाल्या, "हिंदू टाक गं. पुढं चल."

"तुमच्या आयुष्यात धर्माला किती महत्त्व आहे? खूप, थोडं, का अजिबात नाही?"

आमच्याकडं धरम म्हणजे दारात आलेल्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालायची. धर्माचा दवाखाना म्हणजे पैसे न घेणारा दवाखाना. दुसरा एक धर्म असतो हे मला माहीत होतं, पण तो भाषणातला, मिरवणुकीतला. तो घरात बसवून कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "धरम करावा वाटतो. पण आपलंच भागत नाय."

एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली.

"बरं. तुम्ही प्रार्थना किती वेळा करता? रोज, आठवड्यातून एकदा, का कधीतरी?"

"चौथीपर्यंत रोज करायचे."

यावर सगळ्याच हसल्या. मॅडमसुद्धा. चष्मेवालीच्या हातातला टॅब हलायला लागला. "अय्या, किती क्यूट आहेत या," कुणीतरी म्हणालं.

त्या का हसतायत ते मला आधी कळलंच नाही. प्रार्थना शाळेत असते. आमचं गाव करमाडच्या बाजूला. शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायला करमाडला जावं लागायचं, आणि माझ्यामागं मेंढरं होती. सकाळी ओळीत उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. ती प्रार्थना. चौथी झाली, मेंढरांमागं गेले, प्रार्थना संपली. घरात देवापुढं हात जोडतो त्याला आम्ही प्रार्थना म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. मेंढरांना रोग आला की बाप बिरोबाला नारळ फोडायचा, आणि गावाच्या शिवेवरच्या पिरालाही. दोन्हीला तो देवच म्हणायचा.

हे सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या हसत होत्या. हसणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही. लहानपणापासूनचं आहे ते. घसा बंद होतो. लोक म्हणतात बाई गरीब आहे, गुणाची आहे. गुणाची नाही. घसा बंद होतो.

मग तो प्रश्न आला.

"दुसऱ्या धर्माचं कुटुंब तुमच्या शेजारी राहायला आलं, तर चालेल का तुम्हाला?"

शेजारी म्हटल्यावर मला आमची गल्ली दिसली. आमची वस्ती हर्सूलला. पत्र्याची घरं, भिंतीला भिंत. माझ्या एका अंगाला जैबूनचं घर. दुसऱ्या अंगाला नालीपर्यंत उरलेली एक बोळ, एक खाट आडवी मावेल एवढी रुंद. त्या बोळीत आमच्या दोघींच्या कपड्यांच्या दोऱ्या, दोघींची पाण्याची पिंपं, पाणी तापवायची चूल. त्या दिवसांत एक माणूस त्या बोळीत पत्र्याची खोली ठोकायला बघत होता. भाड्यानं देणार होता. सारखा टेप घेऊन मापं काढायला यायचा. मी आणि जैबून दोघी मिळून त्याला हाकलायचो. बोलायची ती. मी तिच्या मागं उभी राहायचे. तेवढ्यानंही फरक पडायचा.

तर शेजारी कुणी आलं तर, म्हणजे त्या बोळीत कुणी आलं तर. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"नको बाई," मी म्हणाले. "आता कुणीच नको."

"मुसलमान कुटुंब आलं तर?"

"नको."

"बौद्ध?"

"नको."

"ख्रिश्चन?"

"नको."

"जैन?"

"ते कशाला येतील आमच्याकडं? नको."

ती भराभर टॅबवर बोट लावत होती. मी म्हणाले, "त्याचं काय हाय, तिथं जागाच..."

"ए, गोष्टी नको सांगत बसू," मॅडम म्हणाल्या. "हो का नाही, एवढंच विचारलंय तुला."

अजून बरंच विचारलं. मी हो म्हणाले, नाही म्हणाले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "झालं, ऊठ. कुकर राहिलाय." मी उठले. एका मुलीनं टॉवेल दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला.

मुसलमान म्हणजे जैबूनपण, हे तेव्हा माझ्या ध्यानात कसं आलं नाही, असं मी स्वतःला नंतर लई वेळा विचारलं. कुणी म्हणेल बाई खोटं बोलते. पण प्रश्न होता, शेजारी राहायला आलं तर. जैबून आली नव्हती. ती तिथंच होती. आले होते मी.

गावाकडून आम्ही आधी गारखेड्यात आलो, एका बांधकामावर. तिथं असतानाच मॅडमचं काम मिळालं. मग नवरा जाधववाडीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागला आणि आम्ही हर्सूलला खोली घेतली. सामान उतरवलं तेव्हा पोरगी कडेवर होती. जैबून तिच्या दारात उभी राहून बघत होती. मी चुलीसाठी विटा लावायला लागले तशी ओरडली, "अगे, इधर नक्को लगा! धुआँ सब मेरे घर में आता." हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मग स्वतःच विटा उचलून बोळीत नेऊन मांडल्या. वर म्हणाली, "देहात से आई ना? दिखतंच."

जैबूनचा आवाज मोठा, अंग मोठं, हसणंही मोठं. साड्यांना फॉल लावायचं काम करते. मी कामाला गेले की माझी पोरगी दिवसभर तिच्या शिलाई मशीनखाली बसलेली असायची. पोरगी तिला अम्मी म्हणते आणि मला आई. लग्न होऊन जालन्याला गेली, तरी फोन आला की आधी विचारते, अम्मी कशी हाय.

एकदा मी कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला. खिळा लांब, भिंत पातळ. तो पलीकडून निघाला. जैबून पलीकडून बोंबलली, "क्या गे, मेरे घर में भाला मार रई?" मी घाबरून तो ओढायला लागले. "रहने दे, रहने दे," ती म्हणाली, आणि त्या टोकाला तिनं पिठाची चाळणी अडकवली. मी इकडून कॅलेंडरचं पान उलटलं की तिकडं चाळणी हलायची.

नक्को हा तिचा लाडका शब्द. चहा घेतेस का? नक्को. मग बसून कपभर प्यायची. भाजी देऊ? नक्को. मग वाटी पुढं करायची. तिचा नक्को आणि माझा नको एकच. तो कुणी कुणाकडून घेतला, देवाला माहीत. एवढ्या वर्षांत तिच्या नक्कोला मी कधी खरं धरलं नाही, आणि माझ्या नकोला तिनं. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघून अर्थ लावायचो.

मॅडमच्या त्या सर्व्हेवाल्या मुलींनी तो एकाच बोटात खरा धरला.

पुढं सर्व्हे झाला. काय निघालं ते सांगायचा एक कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये होता. मॅडम म्हणाल्या, "चहाला हाताखाली कुणीतरी लागेल. चांगली साडी नेसून ये." मी गेले. मागच्या दाराशी टेबल होतं. मी कपात चहा ओतून ट्रे फिरवत होते. समोर मोठा पडदा होता. पडद्यावर रंगीत पट्ट्या यायच्या, लांब, आखूड, आणि मॅडम काठीनं दाखवून बोलायच्या. मला त्यातलं फार काही कळत नव्हतं. माझं लक्ष कपांकडं होतं.

मग हॉलमध्ये माझा आवाज आला.

मी वर बघितलं. पडद्यावर मी होते. भिंतीएवढी. डोक्यावरचा पदर घसरलेला, खांद्यामागं टॉवेलची विटकी कडा. "प्रार्थना किती वेळा करता?" "चौथीपर्यंत रोज करायचे." सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतली मोठी माणसंही हसली. मग ती मी म्हणाली, "नको." आणि परत, "नको." आणि परत. तेवढंच काढून एकापुढं एक जोडलं होतं. "आता कुणीच नको" त्यात नव्हतं. "जागाच" पण नव्हतं.

मॅडम बोलायला लागल्या. आवाज लई हळवा केला होता. "ही आपल्या घरात वावरणारी एक साधी बाई. तिच्याबद्दल मला राग नाही, वाईट वाटतं. जिथं शिक्षण पोचलं नाही, तिथं दुसऱ्या धर्माविषयी मनात केवढ्या भिंती आहेत, ते बघा."

टाळ्या पडल्या.

माझ्या ट्रेमधून एका साहेबांनी कप उचलला. डोळे पडद्याकडं, तोंडावर हसू. शेजारच्याला म्हणाले, "काय नमुना बाई आहे!" मग माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "बिनसाखरेचा आहे का?"

मी म्हणाले, "आणते."

आणि आणून दिला. हे मला अजून टोचतं. मी बिनसाखरेचा चहा आणून दिला.

ती फिल्म तिथंच राहिली असती तर कदाचित मी गिळलं असतं. आजवर काय थोडं गिळलंय? पण त्यातला नको-नकोचा तुकडा कुणीतरी फोनवर पुढं पाठवला. एका फोनवरून दुसऱ्यावर, असं करत तो आमच्या वस्तीत आला. वर काहीतरी लिहिलेलं होतं, सामान्य बाई काय म्हणते ते ऐका, असं.

नवरा मोंढ्यातून आला तो हसतच. असा हसत तो फार दिवसांत घरी आला नव्हता. "तू तर गाजलीस की!" म्हणाला. पानटपरीवर चार माणसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "वहिनी खरं बोलल्या म्हणत होते सगळे. तोंड उघडत नाहीत, पण उघडलं तर असं!"

मी म्हणाले, "मी तसं नव्हते म्हणाले."

"मग कसं म्हणालीस? तुझंच तोंड हाय की हे." फोन माझ्यापुढं धरला.

माझंच तोंड होतं.

नंतर नळाला पाणी आलं तेव्हा मी हंडा घेऊन गेले. जैबून माझ्या आधी उभी होती. एरवी मला बघितलं की म्हणायची, "आ गई महाराणी, चल सरक, मेरा पहले." त्या दिवशी ती बाजूला झाली. हंडा उचलून मागं सरकली आणि म्हणाली, "आप भर लो पहले."

आप.

इतकी वर्षं मी तू होते, गे होते, येडी होते. एकदा भांडणात तिनं मला शिव्याही दिल्या होत्या, तेव्हाही मी तूच होते. त्या दिवशी मी आप झाले. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. "आप"ला काय उत्तर द्यायचं? मी हंडा भरला आणि आले.

संध्याकाळी बोळीत गेले तर तिची दोरी सोडलेली. पिंपही नेलेलं. तिच्या दारात अडचण करून ठेवलं होतं.

मी हिंमत करून तिच्या घरी गेले. ती मशीनवर होती. मी उभीच राहिले. म्हणाले, "जैबून, ते मी त्या बोळीचं म्हणाले होते. जागेपायी. त्यांनी पुरं ऐकलंच नाय."

तिनं मशीन थांबवली नाही. दोरा संपेपर्यंत चालवली. मग म्हणाली, "मैं मान ली. मेरेकू मालूम है तू कैसी है. पर मैं मान के क्या होता? मेरी बहू के मायके में सब देखे वो. पूछ रए, तुमारी बाजूवाली हैच ना ये? क्या बोलूँ मैं उनकू, जागा नहीं थी करके?"

मी खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचलून मशीनवर ठेवलं.

"मेरेकू नक्को बता," ती म्हणाली. "जिनकू बोली ना, उनकू जाके बता."

एवढं बोलून तिनं परत पायडल मारलं.

बोळीत खोली ठोकणारा तो माणूस दोनच दिवसांनी आला. मी दारात आडवी उभी राहिले. तो हसून म्हणाला, "मावशी, तुमचं म्हणणं ऐकलंय मी फोनवर. काळजी करू नका, आपल्यातलेच भाडेकरू आणतो." मी जैबूनच्या दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं. आतून मशीनचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही. माझ्या एकटीचं तो काय ऐकणार? त्याच आठवड्यात बोळीत पत्रे उभे राहिले.

मग मी मॅडमकडं गेले. म्हणजे कामाला रोजच जात होते, पण त्या दिवशी मोरीकडं गेले नाही. हॉलमध्ये उभी राहिले. त्या लॅपटॉपवर काहीतरी करत होत्या.

"मॅडम, ती माझी फिल्म काढून टाका."

"कुठली गं?"

"सर्व्हेची. नको-नकोची. आमच्या वस्तीत आली ती."

"अगं ते मुलींनी कुणीतरी टाकलं. मी रागावले त्यांना. पण तुझं नाव कुठं आहे त्यात?"

"तोंड माझं हाय."

मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, लोकांना तू आवडलीस. कौतुकानं हसत होते सगळे."

"मी तसं म्हणाले नव्हते. आमच्या शेजारी जागा नाय म्हणून म्हणाले. माझी शेजारीण मुसलमानच हाय. आधीपासून."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी कोण राहतं हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "पण तू नको म्हणालीस ना? म्हणालीस की नाही?"

"म्हणाले. पण कारण..."

"कारण विचारलेलंच नव्हतं गं त्या प्रश्नात."

हे त्या शांतपणे म्हणाल्या. मुद्दाम लागेल असं नाही. पोळ्या किती करायच्या ते सांगतात तसं.

"मग माझं उत्तर तरी बदला."

"ते आता पुढं गेलं. तुझं एकटीचं नाही त्यात, पुष्कळ लोकांचं आहे. असं एकेकाच्या सांगण्यानं बदलायला लागलो तर काय राहील? आणि मी तुमच्याच बाजूनं बोलते ना आयुष्यभर? तुमच्या लोकांपर्यंत शिक्षण पोचावं म्हणूनच हे सगळं चाललंय माझं."

मला फार दमल्यासारखं झालं. वाटलं, मोरीत जावं, भांडी घासावीत आणि घरी जावं. पाय तिकडं वळलेही होते. पण दारात अडचण करून ठेवलेलं जैबूनचं पिंप आठवलं. मी परत वळले.

"मॅडम, मी एक विचारते. हो का नाय, तेवढंच सांगा. ती फिल्म काढायला लावणार का तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "असं हो-नाहीमध्ये कसं सांगता येईल गं? त्याला बऱ्याच बाजू असतात."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात येईल असं वाटलं. नाही आलं. त्यांनी चष्मा लावला.

"उद्यापासून मी येत नाय," मी म्हणाले.

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"व्हय."

"आणि आजची भांडी?"

"नाय."

जिना उतरले. खाली येऊन एका गाडीला टेकून उभी राहिले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. हातचं काम गेलं, एवढं कळत होतं.

घरी सांगितल्यावर नवरा उखडला. "त्या मुसलमानणीपायी चांगलं घर सोडलंस?"

आजवर तो उखडला की मी भाकरी थापत राहायचे. तेव्हाही थापत होते. पण म्हणाले, "तिच्यापायी नाय सोडलं. माझ्या तोंडापायी सोडलं."

"काय झालंय तुझ्या तोंडाला?"

"ते तुमी समदे वापरता. मॅडमनी वापरलं, तुमी टपरीवर वापरता, त्या खोलीवाल्यानं वापरलं. आता नाय."

तो फोन घेऊन बाहेर गेला. मला दुसरी कामं मिळाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पगार कमी. बोळीतले भाडेकरू आपल्यातलेच आहेत. माझे कपडे आता आत खाटेवर वाळतात. जैबून बोलते, कामापुरती. कधी तू म्हणते, कधी आप. आप आलं की ती मुद्दाम म्हणाली का चुकून, हे मी ओळखायला बघते. ओळखता येत नाही. तिची सून समोर असली की आपच असतं.

परवा वस्तीत परत सर्व्हेवाले आले. हे दुसरे, मॅडमचे नाहीत. एक बाई होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. उन्हानं तिचंही तोंड सुकलं होतं. घरोघर जाऊन ती विचारत होती. माझ्या दारात आली तशी टपरीवरची माणसं सरकत सरकत गोळा झाली. नवराही होता. कुणीतरी म्हणालं, "विचारा, विचारा! आमच्या वहिनी फेमस हायेत!" आणि फोन वर झाले. जैबून तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

बाईनं देव किती मानता वगैरे विचारलं. मग तेच. शब्दही जवळपास तेच. "दुसऱ्या धर्माचं कुटुंब शेजारी आलं, तर चालेल का?"

सगळे वाट बघत होते. माझा घसा नेहमीसारखा बंद झाला. मी तो तसाच थोडा वेळ बंद राहू दिला. मग विचारलं, "पुरं ऐकणार का? का हो-नाय?"

ती ओशाळून म्हणाली, "ताई, इथं हो आणि नाही एवढंच आहे. मी तरी काय करू?"

"मग मी सांगत नाय."

मागं कुणीतरी हसलं. बाई घाईत होती. म्हणाली, "ठीक आहे. 'माहीत नाही' असं टाकते."

"नाय," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. "माहीत नाही असं नको टाकू. मला माहीत हाय. सांगत नाय. तसं लिही."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग टॅबकडं. बोट वरखाली करत शोधत राहिली. मी दारातून हलले नाही. माणसं कंटाळून पांगायला लागली. फोन खाली झाले. शेवटी तिला सापडलं. 'उत्तर देण्यास नकार.' मी तिच्या हातातला टॅब माझ्याकडं वळवायला लावला. एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाले, "आता लाव बोट."

तिनं लावलं.

कुणी काय समजायचं ते समजो. माझं उत्तर आता माझ्याजवळ आहे. ते लांब आहे, त्यात जागा आहे, पाणी आहे, माणसं आहेत. पुरं ऐकायची तयारी असेल त्यानं माझ्या दारात बसावं. उभ्या-उभ्या न्यायला येईल त्याला ते मिळणार नाही. अर्धं तर कुणालाच नाही. नवऱ्यालाही नाही.